पाच हंगाम, पाच कर्णधार

वारज्यात आमच्या घरी गाडी पुसायचं जे फडकं आहे, तो एकेकाळी पुणे वॉरियर्सचा टीशर्ट होता. २०१२ च्या उन्हाळ्यात बाबांनी तो हायवेच्या कडेला विकायला बसलेल्या माणसाकडून घेतला होता, म्हणजे अर्थातच डुप्लिकेट. मी नववीतून दहावीत चाललो होतो. ‘पुढच्या वर्षी अभ्यास आहे, जायचं तर आत्ताच’ असं म्हणून बाबांनी मला स्प्लेंडरवर मागे बसवलं आणि आम्ही गहुंज्याला मॅच बघायला गेलो.

वारज्याच्या माणसाला गहुंजे तसं सोपं आहे. पुलापाशी हायवेला लागायचं आणि चांदणी चौक, बावधन, बाणेर, बालेवाडी, वाकड, ताथवडे, रावेत करत नाकासमोर जात राहायचं. स्टेडियम नवंकोरं होतं. १ एप्रिल २०१२ ला शरद पवारांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं होतं आणि त्यावर टीमच्या मालकाचं नाव होतं: सुब्रत रॉय सहारा स्टेडियम. त्या दिवशी पुणे हरलं. परत येताना रात्री ट्रकांच्या मधून गाडी काढत बाबा म्हणाले, ‘नवीन टीम आहे, वेळ लागतो.’

वेळ मिळालाच नाही. पुढच्या वर्षी टीम संपली. मग २०१६ ला दुसरी आली, तीही दोन वर्षांत गेली. त्यानंतर इतकी वर्षं ऑफिसच्या कँटीनमध्ये आयपीएलचा विषय निघाला की कुणीतरी मुंबईकर किंवा बंगळुरूहून आलेला सहकारी तेच वाक्य टाकतो, की पुण्याला टीम टिकत नाही, कारण पुणेकर कुणाचेच फॅन नसतात, आणि सगळे हसतात. पुण्यातलेही हसतात, हे जास्त वाईट. पुणेरी पाट्या, दुपारची झोप आणि हा विनोद आपण अंगाला लावूनच घेतलाय.

मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. टीम आम्ही घालवली नाही. ती घालवली लिलावात पॅडल उचलणाऱ्या टेबलानं, आणि त्या टेबलावर नक्की कुणी काय ठरवलं याचा हिशोब आजपर्यंत कुणी दिलेला नाही.

सुरुवात किमतीपासून करू. मार्च २०१० मध्ये सहाराने पुण्याची टीम ३७ कोटी डॉलरला घेतली, तेव्हाच्या हिशोबाने १७०२ कोटी रुपये. दोनच वर्षांपूर्वी, २००८ मध्ये, सगळ्यात महाग विकली गेलेली टीम मुंबईची होती आणि तिची किंमत ११ कोटी १९ लाख डॉलर होती. म्हणजे मुंबईच्या तिपटीहून जास्त पैसे मोजून पुणे घेतलं, आणि तेही पुण्यात स्टेडियम तयार नसताना. २०११ च्या पहिल्या हंगामात पुण्याच्या टीमचं घरचं मैदान होतं नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. ज्या शहराच्या नावावर एवढे पैसे लावले त्या शहराला आपली टीम बघायला एक्स्प्रेसवे ओलांडून नवी मुंबईला जावं लागत होतं. आणि नंतर म्हणायचं, फॅनबेस तयार झाला नाही.

१७०२ कोटी दहा वर्षांत भरायचे, म्हणजे वर्षाला १७० कोटी. सहाराची तक्रार अशी होती, की हंगामात ९४ सामने असतील असं धरून बोली लावली आणि प्रत्यक्षात ७४ च झाले. तक्रारीत तथ्य होतं, बोर्डानं हात आखडता घेतला हे खरं. पण ९४ झाले असते तरी हा आकडा कुठल्या एक्सेल शीटमध्ये बसत होता, हे मला अजून कळलेलं नाही. इतक्या महाग घेतलेल्या वस्तूचा मालक घाबरलेला असतो. प्रत्येक हरलेली मॅच त्याला हप्त्यासारखी दिसते. पुढचे सगळे निर्णय त्या घाबरण्यातून आले, असं माझं मत आहे.

२०११ चा कर्णधार युवराज सिंग. १८ लाख डॉलरला घेतला. रॉबिन उथप्पाला त्याच्याहून जास्त, २१ लाख. दहा टीममध्ये नववा नंबर आला. हंगामाच्या मधेच सौरव गांगुलीला आणलं, ज्याला जानेवारीच्या लिलावात कुणीच घेतलं नव्हतं, म्हणजे पुण्यानंही घेतलं नव्हतं. पुढच्या वर्षी युवराज कॅन्सरच्या उपचारांसाठी बाहेर. त्यात कुणाचा दोष नाही. पण फेब्रुवारी २०१२ च्या लिलावाच्या दिवशीच सहारा बोर्डाशी भांडून बाहेर पडलं. काही दिवसांत समेट झाला, तोवर लिलाव होऊन गेला होता. ज्या वर्षी मुख्य खेळाडू नाही, नेमकं त्याच वर्षी दुकान उघडं असताना आपण रुसून घरी बसलो. मग गांगुली कर्णधार आणि मेंटॉर, दोन्ही. वय ३९. दादाबद्दल मला आदरच आहे, पण एकाच माणसाला कर्णधार आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारा अशा दोन्ही खुर्च्या दिल्या की त्याला ‘आज तू बाहेर बस’ कोण सांगणार? सुरुवातीला ती टीम बरी खेळली, वानखेडेवर जाऊन मुंबईला हरवलं. पहिल्या सातपैकी चार जिंकल्या. उरलेल्या नऊच्या नऊ हरली.

२०१३ ला तर कर्णधारपद म्हणजे संगीत खुर्ची झाली. अँजेलो मॅथ्यूजला कर्णधार केलं. त्या वर्षी श्रीलंकेच्या खेळाडूंना चेन्नईत खेळायला बंदी होती, म्हणजे आपला कर्णधार एका मैदानावर पाऊलच ठेवू शकत नव्हता. तिथे रॉस टेलरने नेतृत्व केलं आणि गंमत बघा, चेन्नईला चेन्नईत हरवलं. मग मॅथ्यूजला बसवून ॲरन फिंच. २३ एप्रिलला बंगळुरूत ख्रिस गेलने नाबाद १७५ काढल्या. ती मॅच मी नातेवाइकांच्या घरी पाहिली. गोलंदाज संपत चालले तेव्हा फिंचने स्वतः चेंडू हातात घेतला, एका षटकात २९ गेल्या. त्याची चूक नव्हती असं मला आजही वाटतं. तीन आठवड्यांत तीन कर्णधार बदलणाऱ्या ऑफिसात शेवटी ज्याच्या हातात चेंडू सापडतो, तो मार खातो.

तीन वर्षांचा हिशोब: ४६ सामने, १२ विजय. दर वर्षी बरोबर चार. वेगवेगळे कर्णधार, वेगवेगळे प्रशिक्षक, वेगवेगळे महागडे परदेशी, आणि निकाल तोच. आमच्या धंद्यात असं झालं, की तीन वेळा कोड बदलला तरी तेवढीच एरर येतेय, तर कुणीही शहाणा माणूस म्हणेल, की बग कोडमध्ये नाहीये, सर्व्हरवर बघा.

सर्व्हरवर कुणी बघितलं नाही. मे २०१३ मध्ये सहाराने आयपीएल सोडत असल्याचं जाहीर केलं, बँक गॅरंटीच्या वादात ऑक्टोबरमध्ये बोर्डाने करार रद्द केला, आणि स्टेडियमवरचं नाव उतरलं.

इथे थोडं विषयांतर करतो, पण ते कामाचं आहे. माझा मावसभाऊ कॅनडात एडमंटनला असतो. तिथे गेल्यावर पहिल्या हिवाळ्यातच त्याला आइस हॉकीचं वेड लागलं आणि एडमंटन ऑयलर्स नावाच्या टीमची रडगाणी तो मला फोनवर ऐकवायला लागला. तिथे प्रत्येक टीमला जनरल मॅनेजर असतो. कुणाला घ्यायचं, कुणाला सोडायचं, कुणाला किती वर्षांचा करार द्यायचा, हे तो ठरवतो, आणि ते त्याने ठरवलं हे सगळ्या गावाला माहीत असतं. ऑयलर्सना २०१०, २०११, २०१२ आणि २०१५ असं चार वेळा नव्या खेळाडूंमधून पहिली निवड करण्याचा मान मिळाला. एवढं मिळूनही टीम तळाशी. २०१६ मध्ये पीटर चियारेली या जनरल मॅनेजरनं टेलर हॉल नावाचा आपला हुकमी खेळाडू देऊन ॲडम लार्सन हा बचावपटू घेतला. एकास एक. दोन वर्षांनी हॉल दुसऱ्या टीमकडून अख्ख्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मावसभाऊ त्या सौद्याबद्दल अजून असा बोलतो, जसं कुणीतरी त्याच्या आजोळचं शेत विकलं.

पण जानेवारी २०१९ मध्ये चियारेलीला काढलं. चुकीच्या निर्णयाला एक चेहरा होता, तो चेहरा गेला, आणि पुढे २०२४ ला तीच टीम अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत पोचली. मी म्हणत नाही की एक माणूस काढला म्हणून सगळं सुधारलं. मी म्हणतोय की एडमंटनच्या टॅक्सीवाल्यालाही शिव्या कुणाला द्यायच्या हे ठाऊक होतं. पुण्यात शिव्या खाल्ल्या युवराजनं, दादानं, मॅथ्यूजनं, फिंचनं. काढलं कर्णधारांना, बदललं प्रशिक्षकांना. त्यांना निवडणारा कोण होता, हे गहुंज्याच्या स्टँडमध्ये बसलेल्या एकालाही सांगता आलं नसतं.

आता दुसरी टीम. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई आणि राजस्थानवर बंदी आल्यामुळे दोन वर्षांपुरत्या दोन टीम विकायला काढल्या. संजीव गोएंकांच्या कंपनीनं पुणे घेतलं, आणि तेही उलट्या बोलीनं, म्हणजे बोर्डाकडून काही घ्यायचं सोडाच, वर्षाला १६ कोटी आम्हीच देतो असं म्हणून. रायझिंग पुणे सुपरजायंट्स. धोनी पहिलाच उचलला. २०१६ ला आठात सातवा नंबर. पीटरसन, डू प्लेसी, स्मिथ, मिचेल मार्श सगळे जायबंदी होऊन परत गेले. त्यात दुष्काळामुळे हायकोर्टाच्या आदेशानं मॅचेस महाराष्ट्राबाहेर, आमचं ‘घर’ विशाखापट्टणमला. त्या वर्षासाठी मी कुणालाही दोष देत नाही. मराठवाड्यात रेल्वेनं पाणी जात असताना खेळपट्टीवर पाणी मारणं बरोबर नव्हतंच.

मुद्दा २०१७ चा आहे. १९ फेब्रुवारीला, लिलावाच्या आदल्या दिवशी, धोनीला कर्णधारपदावरून काढून स्टीव्ह स्मिथला केलं. दुसऱ्या दिवशी बेन स्टोक्सला साडेचौदा कोटींना घेतलं, तेव्हाचा सगळ्यात महाग परदेशी खेळाडू. नावातला शेवटचा ‘स’ काढून सुपरजायंट्सचं सुपरजायंट केलं. (का, ते विचारू नका.) पहिली मॅच जिंकल्यावर मालकांच्या भावाने ट्विटरवर स्मिथची आरती आणि धोनीला टोमणा एकाच वाक्यात उरकला. आपल्याच टीममधल्या खेळाडूला.

आणि ती टीम फायनलला गेली! २१ मे २०१७, हैदराबाद. मुंबईच्या १२९, आपल्या १२८. एका धावेने. मी हॉस्टेलवर होतो, शेवटच्या षटकात ११ हव्या होत्या, मनोज तिवारीने पहिल्याच चेंडूला चौकार मारला आणि आमच्या मजल्यावर कुणीतरी बादली वाजवायला सुरुवात केली. पुढच्या दोन चेंडूंत तिवारी गेला, स्मिथ गेला. बादली थांबली.

तेव्हापासून प्रत्येक वादात मला हेच ऐकवलं जातं, की धोनीला काढलं तरी फायनलला गेलेच ना, मग निर्णय बरोबरच होता की. इथेच मी भांडतो. शुक्रवारी संध्याकाळी टेस्ट न करता डिप्लॉय केलं आणि सोमवारपर्यंत काही फुटलं नाही, म्हणून तो निर्णय चांगला ठरत नाही. मी हे अनुभवानं सांगतो. माझ्या आधीच्या नोकरीत एका मॅनेजरनं असंच दोनदा निभावून नेलं, त्याला बढती मिळाली, तिसऱ्यांदा फुटलं तेव्हा पहाटे तीनला उठून आम्ही चौघं बसलो होतो. नंतरच्या आरसीएमध्ये कारण लिहिलं गेलं: ‘ह्युमन एरर’. ह्युमन म्हणजे आमच्यातला सगळ्यात ज्युनियर.

२०१७ ची ती टीम फायनलला कुणी नेली ते बघा. जयदेव उनाडकट, किंमत ३० लाख, २४ बळी. राहुल त्रिपाठी, किंमत १० लाख, ३९१ धावा; महाराष्ट्राकडून खेळणारा, पुण्याच्या क्लब क्रिकेटमध्ये घडलेला, कोलकात्याला ईडन गार्डन्सवर ५२ चेंडूंत ९३ काढणारा. इम्रान ताहीर, ज्याला लिलावात कुणी घेतलंच नाही आणि मिचेल मार्श जायबंदी झाला म्हणून बदली आला, १८ बळी. वॉशिंग्टन सुंदर, अश्विन जायबंदी झाला म्हणून आलेला १७ वर्षांचा पोरगा, ज्यानं क्वालिफायरला मुंबईचे तीन काढले. स्टोक्स खेळला, उत्तम खेळला, खोटं कशाला बोलू. पण इंग्लंडच्या संघात सामील व्हायला तो प्लेऑफच्या आधी निघून गेला होता. फायनलच्या दिवशी साडेचौदा कोटी इंग्लंडमध्ये होते आणि मैदानावर दहा लाखवाला, तीस लाखवाला आणि ज्याला काढून अपमान केला तो धोनी होता.

टेबलाचा यातून शिकायचा धडा किती सरळ होता! स्थानिक क्रिकेट बघा, स्वस्त घ्या, धीर धरा. पण पुण्याला तिसरं वर्ष नव्हतंच, आणि बाकीच्यांनी धडा उलटा घेतला. २०१८ च्या लिलावात राजस्थाननं त्याच उनाडकटला साडेअकरा कोटी दिले, त्या लिलावातला सगळ्यात महाग भारतीय. त्या हंगामात ११ बळी. म्हणजे बळीमागे कोटीहून जास्त. गेल्या वर्षीचा पाऊस बघून यंदा छत्र्यांचं दुकान टाकणारे हे लोक, आणि यांना आपण ‘थिंक टँक’ म्हणतो.

दोन्ही टीम एकत्र मांडा. २०११ युवराज, २०१२ गांगुली, २०१३ मॅथ्यूज, २०१६ धोनी, २०१७ स्मिथ. पुण्याच्या आयपीएल टीमने पाच हंगाम खेळले आणि एकाही कर्णधाराने दुसऱ्या हंगामाची सुरुवात केली नाही. यात आजारपण होतं, दुखापत होती, मान्य. पण पाचपैकी पाच? ज्या मुलानं २०११ ला युवराजचं पोस्टर लावलं, त्यानं पुढे काय करायचं होतं, दरवर्षी भिंत रंगवायची?

फुटबॉलचं लांबण लावत नाही. पुणे एफसी २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरी आली आणि २०१५ ला बंद झाली. एफसी पुणे सिटी २०१४ ला आली आणि २०१९ ला तिची जागा हैदराबादला गेली. बालेवाडीला ढोल घेऊन जाणारी पोरं मी पाहिलेली आहेत, त्यातले दोघं माझ्या वर्गातले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

‘पुणेकर निष्ठावान नाहीत’ म्हणणाऱ्यांनी २०१८ आठवावं. कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईच्या सहा मॅचेस गहुंज्याला आल्या. चेन्नईहून फॅन्सची खास रेल्वे आली ते खरं, पण ते पिवळं स्टेडियम काही एका रेल्वेत मावणारं नव्हतं. आमच्या सोसायटीतले अर्धे लोक पिवळे टीशर्ट घालून गेले होते. ते चेन्नईचे झाले, कारण चेन्नईनं धोनी बदलला नव्हता. आज तिथला कर्णधार ऋतुराज गायकवाड आहे, थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत शिकलेला. वारज्याहून गहुंज्याला जाताना थेरगाव वाटेतच उजव्या हाताला राहतं. महाराष्ट्राकडून त्यानं रणजी पदार्पण केलं ऑक्टोबर २०१६ मध्ये, पुण्याची टीम जिवंत असताना. चेन्नईने त्याला डिसेंबर २०१८ मध्ये २० लाखांना घेतलं. तेव्हा पुण्याची टीम नव्हती, त्यामुळे हा सौदा हुकल्याचा दोष मी गोएंकांच्या माथी मारत नाही. पण वाटेतलं थेरगाव चेन्नईला दिसतं आणि आपल्या नावाच्या टीमला मात्र बेन स्टोक्स दिसतो, यावर मला रोज चहाबरोबर राग येतो.

आणि हे इथे जमतच नाही असंही नाही. कबड्डी बघा. पुणेरी पलटण डिसेंबर २०२२ ला फायनल हरली, जयपूरकडून, ३३-२९. आमच्या क्रिकेटवाल्या मालकांनी दुसऱ्या दिवशी अर्धी टीम विकली असती. पलटणनं तरुण पोरांचा गाभा तसाच ठेवला, नगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारला कर्णधार केलं आणि त्या गाभ्याला पूरक म्हणून इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. १ मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ हरवून विजेतेपद. मग त्यांनीही माती खाल्ली, शादलूला जाऊ दिलं. हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना उचललं आणि २९ डिसेंबर २०२४ ला हरियाणा चॅम्पियन झालं. फायनल कुठे? बालेवाडीला, आमच्याच दारात. पण पलटणनं म्हणून सगळं मोडून टाकलं नाही. अस्लम दुखापतीतून परत आला, कर्णधार तोच राहिला, आणि २०२५ ला टीम परत फायनलमध्ये. हरली, पण मला कुणासाठी ओरडायचं ते ठाऊक होतं.

सुपरजायंट्स हे नाव आता लखनौला आहे, ७०९० कोटींना घेतलेल्या टीमला. तिथे मे २०२४ मध्ये हरल्यावर मालक मैदानातच कर्णधाराशी कसे बोलत होते, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. त्या वर्षाअखेरीस राहुल गेला आणि २७ कोटींना ऋषभ पंत आला. ते बघताना मला लखनौच्या एखाद्या दहावीतल्या पोराची काळजी वाटली.

पुण्याला परत टीम येईल अशी चर्चा अधूनमधून होते. आली तर मी जाईन, मला माहितीये. पण टीशर्ट घ्यायच्या आधी मला दोन गोष्टी छापील हव्यात: खेळाडू निवडणाऱ्या माणसाचं नाव, आणि कर्णधार किती वर्षांसाठी आहे. तिकिटाच्या मागे जाहिरात असते तिथे छापा. हे परवा बाबांना सांगितलं. ते पार्किंगमध्ये गाडी पुसत होते.

‘आधी टीम तर येऊ दे,’ म्हणाले, आणि फडकं पिळून हँडलवर वाळत टाकलं.